राकू मृत्पात्री आणि विदर्भातील काळी-तांबडी मृत्पात्री

राकू मृत्पात्री : कमी तापमानास वितळणारी काचेरी झिलई दिलेले मातीचे भांडे तापून लाल झालेल्या अवस्थेतच भट्टीबाहेर काढून जलद थंड करण्याची मूळची जपानी पद्धती व त्या पद्धतीने तयार केलेली पात्रे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीस अमेरिकेत निराळे वळण मिळाले. तेथे तप्त भांडे पालापाचोळा, लाकडाचा भुसा इ. ज्वालाग्राही पदार्थांत पुरून त्यास धुरी देण्यात येऊ लागली. भारतातील कलावंत-कुंभारांना राकू या नावाने परिचित झाले ते मुख्यत्वे हेच रूप होय. धुराच्या व कोंडलेल्या हवेच्या साहाय्याने मातीचा रंग पालटण्याची कृती मात्र विदर्भात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकापासून ज्ञात होती. तेथील महापाषाणयुगीन काळी-तांबडी मृत्पात्री हा तिचा पुरावा आहे. यामुळे या दोन्हींना एकाच परंपरेत बसविण्याचा मोह होतो. परंतु त्यांतील साम्य अग्निक्रियेचे आहे, वंशपरंपरेचे नव्हे. हे साम्य कोठपर्यंत जाते आणि वाशिमसारख्या बेसाल्ट प्रदेशात काचेरी झिलईची प्रथा का रुजली नाही, याचे विवेचन येथे केले आहे.

जपानमधील उगम : राकूचा उगम सोळाव्या शतकाच्या अखेरीस क्योटो येथे झाला. चहापानविधीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–९१) याने साधेपणा, संयम व अपूर्णतेतील सौंदर्य या तत्त्वांवर त्या विधीची पुनर्रचना केली. त्यास अनुरूप असे चहाचे वाडगे चोजिरो (मृत्यू १५८९) या कारागिराने घडविले. चोजिरोचा पिता अमेया हा चीनमधून आलेला कुंभार असून त्याच्याबरोबर चिनी त्रिरंगी झिलईचे तंत्र क्योटोत आले, असे मानले जाते. चोजिरोने घडविलेली छतावरील सिंहाकृती १५७४ या सालाची आहे. तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या जुराकुदाई या प्रासादावरून या पात्रांस राकू हे नाव मिळाले व त्या अक्षराची मुद्रा चोजिरोच्या वारसांना देण्यात आली, अशी परंपरा आहे. राकू या शब्दाचा अर्थ सुख किंवा स्वस्थता असा आहे. पुढे हेच घराण्याचे नाव झाले. हे घराणे क्योटोत आजही कार्यरत असून २०१९ मध्ये त्याच्या सोळाव्या पिढीने सूत्रे हाती घेतली.

मूळ राकू वाडगे चाकावर न घडविता हातांनी थापून व नंतर कोरून आकारास आणतात. त्यांचे काळे व तांबडे असे दोन मुख्य प्रकार आहेत. काळ्या प्रकारात क्योटोतील कामो नदीच्या पात्रात मिळणाऱ्या लोह व मँगॅनीजयुक्त दगडाची पूड झिलईत वापरतात. भाता लावलेल्या कोळशाच्या लहान भट्टीत एका वेळी एकच वाडगा ठेवतात व झिलई वितळताच तो चिमट्याने बाहेर काढतात. चिमट्याची खूण पात्रावर उमटलेली राहते आणि रसिक तिला दोष न मानता लक्षण मानतात. तांबड्या प्रकारात मातीवर काव चढवून त्यावर पारदर्शक झिलई देतात व त्याहून कमी तापमानास भाजतात. या दोन्ही प्रकारांत तप्त भांडे भुशात पुरून धुरी देण्याची कृती नाही. काळ्या राकूचा काळेपणा झिलईतील लोह व मँगॅनीज यांमुळे आणि जलद थंड होण्यामुळे येतो. राकू म्हणजे धुरात काळे केलेले भांडे, ही प्रचलित समजूत जपानी राकूच्या बाबतीत खरी नाही.

पश्चिमेकडील प्रसार : इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच याने १९११ मध्ये टोकिओतील एका मेळाव्यात राकूची भाजणी प्रथम पाहिली. स्वतः रंगविलेले भांडे अल्पावधीत भाजून हाती आल्याचे पाहून त्याने मृत्पात्रीचा व्यवसाय पत्करला. ओगाता केन्झान याच्या परंपरेतील सहाव्या आचार्याकडे त्याने शिक्षण घेतले आणि १९२० मध्ये शोजी हामादा याच्या साहाय्याने इंग्लंडमधील सेंट आइव्हझ येथे कार्यशाळा स्थापिली. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘अ पॉटर्स बुक’ या ग्रंथात राकूची माहिती आहे. त्या माहितीच्या आधारे पॉल सोल्डनर (१९२१–२०११) या अमेरिकन कुंभाराने १९६० मध्ये कॅलिफोर्नियात राकूचा प्रयोग केला. परिणाम मनाजोगता न आल्याने त्याने तप्त भांडे वाळलेल्या पानांत लोळविले. पाने पेटून निघालेल्या धुराने मातीवर व झिलईवर अनपेक्षित छटा उमटल्या. या प्रयोगातून पुढे भट्टीबाहेरील क्षपणाची पद्धती विकसित झाली आणि ती राकू याच नावाने जगभर पसरली.

झिलईचे तंत्र : राकूसाठी दोन गोष्टी आवश्यक असतात. पहिली म्हणजे एकाएकी तापणे व निवणे सहन करणारी माती आणि दुसरी म्हणजे कमी तापमानास वितळणारी झिलई. सर्वसाधारण मातीचे भांडे तप्त अवस्थेत बाहेर काढल्यास पृष्ठभाग व गाभा यांतील तापमानाच्या फरकाने तडकते. त्यातच सु. ५७३° से. तापमानास क्वॉर्ट्झ या खनिजाचे आकारमान एकाएकी बदलते. म्हणून मातीत भाजलेल्या विटांचा वा खापरांचा चुरा मिसळून तिचे अंग मोकळे व सच्छिद्र ठेवतात. घडविलेले भांडे वाळवून प्रथम सु. ९००° ते १,०००° से. तापमानास भाजतात. या पहिल्या भाजणीनंतर झिलई चढवितात.

झिलई म्हणजे भांड्याच्या पृष्ठावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर होय. सिलिका हा तिचा मुख्य घटक. परंतु शुद्ध सिलिका वितळण्यास १,७००° से.हून अधिक तापमान लागते. ते खाली आणण्यासाठी अभिवाह द्रव्ये मिसळतात. पूर्वी यासाठी शिशाच्या संयुगांचा वापर होई. ती विषारी असल्याने आता बोरॉन व अल्क धातू यांची संयुगे वापरतात. टाकणखार हे बोरॉनचे परिचित संयुग आहे. तो पाण्यात विरघळत असल्याने सिलिकेबरोबर आधी वितळवितात, तो रस पाण्यात ओततात व तयार झालेल्या काचेची पूड करतात. या पुडीस फ्रिट म्हणतात. फ्रिट, थोडी चिनी माती व फेल्स्पारसारखे खनिज पाण्यात कालवून भांड्यावर ओततात किंवा कुंचल्याने लावतात. पांढऱ्या अपारदर्शक झिलईसाठी कथिलाचे ऑक्साइड आणि हिरव्या-निळ्या वा ताम्रवर्णी छटांसाठी तांब्याची संयुगे मिसळतात.

दुसऱ्या भाजणीत भांडे सु. ९५०° ते १,०००° से.पर्यंत तापवितात. झिलई प्रथम बुडबुडते व नंतर ओल्या काचेसारखी चमकू लागते. हा क्षण डोळ्यांनीच ओळखावा लागतो. त्या वेळी लांब चिमट्याने भांडे उचलून भुसा किंवा वाळलेला पाला घातलेल्या धातूच्या पिंपात ठेवतात व वर झाकण घालतात. आत कोंडलेल्या ज्वलनास पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे वायू निर्माण होऊन ते तप्त ऑक्साइडांतील ऑक्सिजन काढून घेतात. याच क्रियेस क्षपण म्हणतात. झिलईतील तांब्याचे ऑक्साइड अंशतः धातुरूप होऊन पृष्ठावर तांबूस धातुवर्णी चकाकी येते. झिलई न लावलेल्या भागातील तांबड्या लोह-ऑक्साइडाचे काळ्या ऑक्साइडात रूपांतर होते आणि मातीच्या छिद्रांत कार्बनचे सूक्ष्म कण रुतून बसतात. झिलई व माती यांचे प्रसरणांक भिन्न असल्याने निवताना झिलईवर सूक्ष्म तड्यांचे जाळे पडते. त्यांतही कार्बन शिरतो व काळ्या रेषांची नक्षी उमटते. झाकण लवकर उघडल्यास हवा लागून धातुवर्णी चकाकी पुन्हा मावळते.

विदर्भातील काळी-तांबडी मृत्पात्री : नागपूर परिसरातील शिलावर्तुळांची पाहणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाली होती. पुढे टाकळघाट-खापा (१९६८-६९), माहूरझरी (१९७०–७२) व नैकुंड (१९७७–८०) येथे शां. भा. देव आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या उत्खननांतून महापाषाणयुगीन संस्कृतीचे सुस्पष्ट चित्र पुढे आले. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर व वर्धा जिल्ह्यातील पवनार येथेही प्राचीन वसाहतींचे अवशेष मिळाले. या संस्कृतीच्या दफनांत लोखंडी हत्यारे, घोड्यांचे तांब्याचे अलंकार व मृत्पात्रे ठेवलेली आढळतात. अभ्रकमिश्रित तांबड्या भांड्यांबरोबरच आतून व काठाशी काळे आणि बाहेरून तांबडे असलेले घोटीव वाडगे व थाळ्या हे या संस्कृतीचे एक ठळक लक्षण होय. नैकुंड येथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष सापडले आहेत. लोहखनिजातून ऑक्सिजन काढून घेण्याची क्रियाही क्षपणाचीच असल्याने, कोंडलेल्या अग्नीचे व्यावहारिक ज्ञान त्या समाजास होते, असे निःसंशय म्हणता येते.

एकाच भांड्यावर दोन रंग कसे साधत, याविषयी दोन उपपत्ती मांडल्या जातात. पहिलीनुसार भांडी पालथी रचून त्यांच्या आत व तोंडाशी पालापाचोळा भरला जाई. आतील भागास हवा न मिळाल्याने तेथील लोह-ऑक्साइडाचे क्षपण होऊन कार्बन साचे व तो भाग काळा होई. बाहेरील भागास हवा मिळाल्याने तो तांबडा राही. दुसरीनुसार भांडे दोनदा भाजले जाई : प्रथम सर्वांगी तांबडे व नंतर ठराविक भागास धुरी देऊन काळे. दुसऱ्या पद्धतीत व सोल्डनरच्या राकूत अनुक्रमाचे साम्य आहे. रासायनिक क्रिया तर दोन्ही पद्धतींत राकूसारखीच आहे. भेद आहे तो झिलईचा. विदर्भातील वाडग्यांची चकाकी काचेची नसून, ओलसर भांडे गुळगुळीत गोट्याने घोटल्याने मातीचे कण पृष्ठावर सपाट बसून आलेली आहे.

वाशिमचा प्रदेश : वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. विंध्यशक्ती दुसरा याचा येथे मिळालेला ताम्रपट आणि राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख ही या शाखेच्या इतिहासाची प्रमुख साधने आहेत. अजिंठ्याची चित्रे ज्या राजवटीच्या काळात रंगली, तिच्या प्रदेशातील नित्य वापराची मृत्पात्रे मात्र बिनझिलईचीच होती. लेप देणे, घोटणे व ठसे उमटविणे एवढ्यावर त्यांची सजावट भागे.

याचे एक कारण मातीत आहे. जिल्ह्याची भूमी बेसाल्ट खडकाची असून त्याच्या झिजेपासून काळी कसदार माती बनते. ती पाणी शोषून फुगते व वाळताना आक्रसून भेगाळते. म्हणून तिच्यात राख, घोड्याची वा गाढवाची लीद, वाळू यांसारखी द्रव्ये मिसळून कुंभार तिचा चिकटपणा मोडतो. लीद जळून गेल्यावर मातीत बारीक छिद्रे उरतात व तीमुळे भांडे चुलीच्या आचेवर तडकत नाही. राकूस लागणारी पहिली गोष्ट, म्हणजे ताप सोसणारे मोकळे अंग, ही अशा रीतीने स्थानिक कुंभारास साधलेली होती. परंतु या मातीत चुनखडीचे खडे आढळतात. भांडे अधिक तापमानास भाजल्यास खड्यांचा कळीचा चुना होतो व पुढे तो हवेतील ओल शोषून फुगतो, तेव्हा भांड्याचा टवका उडतो. कुंभाराचा उघडा आवा कमी तापमानावर चालतो, त्यास इंधनाच्या काटकसरीबरोबरच ही मर्यादाही कारण आहे. शिवाय लोहाच्या आधिक्यामुळे या मातीवर पारदर्शक झिलईचे रंग मळकट दिसतात. चिनी माती बेसाल्टच्या या प्रदेशात मिळत नाही. तिचे साठे पूर्व विदर्भात, चंद्रपूरच्या बाजूस आहेत.

दुसरे कारण वापराचे आहे, व ते अधिक महत्त्वाचे होय. माठातील पाणी गार राहते ते छिद्रांतून झिरपून बाहेर येणाऱ्या ओलाव्याच्या बाष्पीभवनामुळे. त्यास झिलई दिल्यास त्याचे प्रयोजनच नष्ट होते. संक्रांतीचे सुगड, नवरात्रातील घट, लग्नातील मडकी, अंत्यविधीचे मडके ही सर्व प्रसंगोपात्त नवी घ्यावयाची व नंतर टाकून द्यावयाची भांडी आहेत. टिकाऊ भांड्यांची गरज तांब्या-पितळेने भागविली. अशा व्यवहारात दुसऱ्या भाजणीचा खर्च करण्यास प्रयोजन नव्हते. तेव्हा झिलईचा अभाव हा कुंभाराच्या अज्ञानाचा वा मागासलेपणाचा पुरावा मानणे सयुक्तिक नाही.

महाराष्ट्रातील झिलईकाम व कलावंत-कुंभार : दख्खनमध्ये झिलईदार फरश्यांचे काम बहमनी काळात भरभराटीस आले. बीदर येथील महमूद गावानचा मदरसा (१४७२) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु ही कला राजाश्रयाच्या वास्तूंपुरती राहिली. वऱ्हाडातील गावकुंभाराच्या चाकापर्यंत ती पोहोचली नाही. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (स्थापना १८५७) जॉर्ज टेरी याने १८७० नंतरच्या दशकात सिंधमधील झिलईकामाच्या धर्तीवर मृत्पात्री सुरू केली. त्याच सुमारास या शाळेतर्फे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यात येत होत्या. त्यांतील आकृती या पात्रांवर उतरविण्यात आल्या. वत्सगुल्माच्या वाकाटकांच्या काळातील चित्रे अशा प्रकारे सु. चौदाशे वर्षांनंतर झिलईच्या पात्रांवर अवतरली. मात्र ती मुंबईत, वत्सगुल्मात नव्हे.

आधुनिक भारतीय कलावंत-कुंभारांचा जपानशी पहिला महत्त्वाचा संबंध गुरचरणसिंग (१८९६–१९९५) यांच्यामुळे आला. ते १९१९ मध्ये जपानला गेले व तेथे त्यांचा लीच आणि हामादा यांच्याशी परिचय झाला. विदर्भात हे कार्य गांधीजींच्या रचनात्मक चळवळीतून आले. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद (१९२१–२०११) हे १९४४ मध्ये सेवाग्राम येथे नई तालीमचे कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत तेथे राहिले. भारतातील आद्य कलावंत-कुंभारांत त्यांची गणना होते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ (१९५५) स्थापन करून कुंभारांना सुधारित मृत्पात्रीचे शिक्षण देण्याचा उद्योग उभारला. चिनी माती व दगडी कोळसा हे दोन्ही त्या जिल्ह्यात उपलब्ध असल्याने हे स्थान सोयीचे होते. झिलईविषयी इंग्रजीतून उपयुक्त मार्गदर्शन करणारा निर्मला पटवर्धन यांचा ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. यानंतरच्या काळात मुंबई-पुण्याच्या कार्यशाळांतून राकूची भाजणी अधिकाधिक परिचित झाली. तिला लागणारी लहान भट्टी, थोडे इंधन व तात्काळ मिळणारे फळ यांमुळे ती हौशी शिकाऱ्यांनाही आकर्षक वाटते.

मूल्यमापन : विदर्भाची काळी-तांबडी मृत्पात्री हे ‘भारतीय राकू’ होय, असे म्हणणे इतिहासास धरून नाही. जपानी राकू चहापानविधीतून, चिनी झिलईच्या ज्ञानातून व एका घराण्याच्या गुरुपरंपरेतून जन्मास आले. विदर्भातील वाडगे लोहयुगीन समाजाच्या नित्य व अंत्य व्यवहारांतून आले. एकाने दुसऱ्यापासून काही घेतल्याचा पुरावा नाही. उलट, अमेरिकेतील राकूने जपानी परंपरेत नसलेली धुराची क्रिया स्वीकारली, तेव्हा ती अजाणता प्राचीन विदर्भातील तंत्राच्या जवळ आली. धुराने माती काळी होते, हे ज्ञान अग्नीजवळ काम करणाऱ्या कोणत्याही समाजास स्वतंत्रपणे होऊ शकते.

हा विवेक केवळ शब्दाचा नाही. आव्याची तोंडे चिखलाने लिंपून, आत शेणी व ओला पाला धुमसत ठेवून काळे माठ काढणारा कुंभार जे करतो, त्यास स्वतःचा दीर्घ इतिहास आहे. त्याच्या कौशल्याची किंमत ठरविण्यास परदेशी नावाची जोड आवश्यक नाही. धातू, प्लॅस्टिक व शीतकपाट यांच्या प्रसाराने त्याची बाजारपेठ आक्रसली आहे, तर त्याच क्रियेवर आधारलेले राकूचे पात्र कलादालनात कलाकृती म्हणून मांडले जाते. वाशिमच्या परिसरात कोणी राकूचा प्रयोग करू इच्छिल्यास स्थानिक माती चाळून चुनखडीचे खडे काढणे, खापराचा चुरा मिसळणे व झिलईखाली पांढऱ्या मातीचा लेप देणे आवश्यक ठरेल. धुरीसाठी मात्र सोयाबीनचे कुटार, तुराट्यांचा व पऱ्हाटीचा भुगा हे पदार्थ शेतातच उपलब्ध आहेत. भाजणी उघड्या जागी व्हावी, कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू विषारी व गंधहीन आहे. तयार झालेले पात्र सच्छिद्र असून त्याच्या झिलईस तडे असतात. म्हणून ते अन्नपाण्यासाठी वापरू नये. शिशाची झिलई असल्यास चिंच, ताक यांसारख्या आंबट पदार्थांत शिसे उतरण्याचा विशेष धोका असतो. पाण्याच्या माठासाठी जुनी बिनझिलईची मातीच योग्य होय.